भिंगाभोवतीचे आकडे

रोजच्या वापराला स्वस्तातला छोटा कॅमेरा कोणता घ्यावा, असं कुणी विचारलं की मी आधी खोकं बाजूला ठेवायला सांगतो. खोक्यावर मेगापिक्सेल आणि झूम ठळक छापलेले असतात. कामाची माहिती मात्र कॅमेऱ्यावरच, भिंगाभोवतीच्या कड्यावर बारीक अक्षरांत असते आणि दुकानात ती कुणी वाचून दाखवत नाही. कॅननचा इक्सस 185 हा 2017 सालचा स्वस्त कॅमेरा घ्या. त्याच्या कड्यावरचे आकडे आहेत 5.0-40.0 मिमी आणि 1:3.2-6.9. सोनीच्या 2012 सालच्या पहिल्या आरएक्स100 चे आहेत 10.4-37.1 आणि 1.8-4.9. झूम न करता पाहिलं तर दोघांना समोरचं दृश्य सारखंच रुंद दिसतं. तरी एकाचं काम 5 मिमीत भागतं आणि दुसऱ्याला 10.4 लागतात, कारण दुसऱ्याच्या पोटातला सेन्सर मोठा आहे. पहिल्याचा साधारण 6.2 बाय 4.6 मिमी, दुसऱ्याचा 13.2 बाय 8.8, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट. (जाहिरातीतल्या इंचांवर विसंबू नये. ‘एक इंची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या या सेन्सरचा कर्ण जेमतेम 16 मिमी भरतो.) आता कड्यावरच्या पहिल्या आकड्याला (नाभीय अंतर) दुसऱ्याने (एफ-क्रमांक) भागा. 5 भागिले 3.2 म्हणजे सुमारे 1.6 मिमी, 10.4 भागिले 1.8 म्हणजे 5.8 मिमी. उजेड आत यायचं दार एवढंच. व्यासातला हा फरक क्षेत्रफळात तेरापटींच्या वर जातो.

उन्हात या तेरापटींचं कुणाला काही वाटणार नाही. दुपारी गच्चीवर काढलेले दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो मोबाइलवर पाहिले तर कुठला कशाचा हे ओळखणंही कठीण. पण आपले रोजचे फोटो उन्हात थोडेच असतात? बारसं, वाढदिवस, गणपतीची आरती, ओट्याशी उभी असलेली आई, हे सगळं ट्यूबलाइटच्या नाहीतर पिवळ्या दिव्याच्या उजेडातलं. तिथे छोट्या सेन्सरला आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, चढवावा लागतो, मग चेहऱ्यावर रवाळ ठिपके येतात. कॅमेरा ते ठिपके पुसायला जातो आणि त्यांच्याबरोबर केस, भुवया, साडीचा पोतही पुसून टाकतो. माणसं मेणाची दिसायला लागतात. मेगापिक्सेल वाढवून हे सुटत नाही. हे कंपन्यांनाही ठाऊक आहे: कॅननच्या 2008 सालच्या जी10 मध्ये 14.7 मेगापिक्सेल होते आणि पुढच्याच वर्षी आलेल्या जी11 मध्ये त्यांनी ते 10 वर आणले. नेहमीच्या 4 बाय 6 इंची छापील फोटोला 300 डीपीआयने जेमतेम सव्वादोन मेगापिक्सेल लागतात. अख्ख्या ए4 पानाला नऊ पुरतात.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: मग मोबाइल काय वाईट? हाच भागाकार मोबाइललाही लावता येतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये फोटोचे तपशील उघडले की नाभीय अंतर आणि एफ-क्रमांक दोन्ही दिसतात. हल्लीच्या बऱ्याच फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं दार तीन ते चार मिमीचं निघतं. म्हणजे नवा कोरा स्वस्त कॅमेरा घरातल्या उजेडात खिशातल्या फोनपुढे हरतो, आणि त्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही, हे मी सरळ सांगतो. 2012 सालचा आरएक्स100 मात्र अजूनही फोनच्या पुढे आहे, म्हणून माझा सल्ला असा की नव्या स्वस्त कॅमेऱ्याऐवजी असा मोठ्या दाराचा, वापरलेला कॅमेरा घ्यावा. फोन एकामागून एक फ्रेम घेऊन त्या जुळवतो आणि बरंच अंतर भरून काढतो, हे खरं. पण धावणारं पोर फ्रेमगणिक जागा बदलतं आणि त्या जुळवाजुळवीत त्याचे हातपाय पुसट होतात. शिवाय अशा कॅमेऱ्याचा खरा फ्लॅश क्षणार्धाहूनही कमी वेळ चमकून हालचाल जागीच गोठवतो. फोनचा एलईडी म्हणजे विजेरी.

दुसरा आक्षेप झूमचा. इक्सस 185 चा झूम 8एक्स आहे, आरएक्स100 चा जेमतेम साडेतीन. तळ्यावरचे बगळे किंवा मैदानावरचा क्रिकेट सामना हेच तुमचे विषय असतील, तर माझा सल्ला तुमच्या कामाचा नाही. भर उन्हात लांब झूम उपयोगी पडतो. पण लांब झूम बहुतेकांना हवा असतो तो शाळेच्या गॅदरिंगसाठी, आणि घोळ तिथेच होतो. इक्ससचा झूम पूर्ण ताणला की भिंग एफ6.9 वर येतं. एवढ्या लांबून फोटो हलू नये तर शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या आसपास हवं. स्थिरीकरणाने हाताची थरथर आवरते, नाचणारं मूल आवरत नाही. रंगमंचावरच्या बेताच्या उजेडात हे जमवायचं तर आयएसओ दहा हजारांच्या वर न्यावा लागतो, आणि या कॅमेऱ्याची धाव 1600 ला संपते. खोक्यावरचा झूम खोटा नसतो, पण वापरायची वेळ येते तेव्हा तो उपयोगाचा राहत नाही.

राहता राहिली जुन्या मालाची भीती. ती खरी आहे, कारण या कॅमेऱ्यांचं भिंग काढता येत नाही. आत धूळ गेली तर अख्खा कॅमेरा उघडावा लागतो आणि दुरुस्ती कधीकधी किमतीच्या जवळ जाते. म्हणून मुंबईच्या बोरा बाजारात घ्या नाहीतर ऑनलाइन कुणाकडून, वस्तू हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कॅमेरा चार-पाच वेळा चालू-बंद करावा, झूम टोकापर्यंत नेऊन आणावा. भिंग बाहेर येताना करकर आवाज आला किंवा ते अडखळलं, तर आत रेती आहे असं समजून परत द्यावा. मग दार सगळ्यात लहान करून कोऱ्या भिंतीचा फोटो काढावा आणि तो मोठा करून पाहावा. सेन्सरवर धूळ असली तर करडे डाग दिसतात. बॅटरी आणि कार्ड यांची चौकशी आधीच करावी. जुन्या ऑलिंपस आणि फुजीच्या काही मॉडेलांना एक्सडी कार्ड लागतं, ते आता शोधत फिरावं लागेल. आरएक्स100 ची एनपी-बीएक्स1 बॅटरी मात्र त्याच्या पुढच्या मॉडेलांनाही चालते, त्यामुळे मिळते. वायफाय त्यात नाही, पण शे-दोनशे रुपयांचा कार्ड रीडर फोनला जोडला की काम होतं.

किमतीचं मात्र सांभाळा. जुन्या डिजिटल फोटोंची सध्या तरुण मुलांत हौस आहे, आणि त्यापायी 1.6 मिमीच्या दाराचे कॅमेरेही ‘सीसीडी’ या जुन्या प्रकारच्या सेन्सरच्या नावाने चढ्या भावाने खपतायत. त्या फोटोंचा रंग आवडत असेल तर असा कॅमेरा खुशाल घ्यावा, ती आवडीची गोष्ट. पण विकणारा ‘रात्रीसुद्धा मस्त फोटो येतात’ म्हणाला, तर कडं उजेडात धरून भागाकार त्याच्यासमोरच करावा.