डेडलाइन सगळ्यांना सारखी, वेळ मात्र सारखा नाही

अमेरिकेत एमएस किंवा पीएचडी करणाऱ्या आपल्या पोरापोरींना एप्रिल महिन्यात फोन करून बघा. बहुतेक जण "नंतर बोलतो, डेडलाइन आहे" म्हणून फोन ठेवतील. मीही तसाच ठेवायचो. मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात मी पाच स्प्रिंग सेमिस्टर काढली. नाव वसंताचं, पण हे सेमिस्टर सुरू होतं जानेवारीच्या मध्यावर, बर्फात, आणि संपतं मे महिन्याच्या सुरुवातीला. या पाच सेमिस्टरनी माझं एक मत पक्कं केलं, तेच इथे मांडतो. डेडलाइन कागदावर सगळ्यांना सारखी असते. ती गाठायला लागणारा वेळ मात्र समाजात जसं बाकी सगळं वाटलं गेलंय तसाच वाटला गेलाय. हे आपण ओळखलं नाही तर व्यवस्थेने केलेला उशीर आपण आपलाच नाकर्तेपणा समजून बसतो.

आधी कॅलेंडर बघू, कारण आपल्याकडे ते कुणी नीट सांगत नाही. जानेवारीत फीची तारीख. त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत विषय बदलायची मुदत संपते. मे महिन्यात पदवी हवी असेल तर तिचा अर्ज बहुतेक ठिकाणी फेब्रुवारीतच करावा लागतो. मार्चमध्ये आठवडाभराची सुट्टी असते, पण ती साचलेलं काम उपसण्यातच जाते. एप्रिलमध्ये थिसिसचा डिफेन्स, मग दुरुस्त्या, मग ठरलेल्या समासात आणि ठरलेल्या फॉन्टमध्ये प्रत जमा करायची. सोबत टीए म्हणून पदवीच्या मुलांचे पेपर तपासायचे ते वेगळेच. एफ-१ व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही आणि पूर्णवेळ नोंदणी टिकवावीच लागते. शिकून झाल्यावर तिथे काही काळ नोकरी करायची असेल तर ओपीटीचा अर्ज करावा लागतो. त्याची खिडकी अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधी उघडते आणि संपल्यावर ६० दिवसांनी बंद होते.

या सगळ्याच्या मधोमध १४ एप्रिल येतो. आपला सर्वात मोठा दिवस. आणि दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, अमेरिकेत इन्कम टॅक्सचं विवरण भरायची शेवटची तारीख असते. फंडिंगसह पीएचडीची ऑफर आलेल्यांना उत्तर द्यायलाही तिथल्या बऱ्याच विद्यापीठांनी मिळून १५ एप्रिल हीच तारीख ठरवलेली आहे. त्यामुळे आमच्याकडे जयंतीच्या संध्याकाळी बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून झाला की दोघं जण टॅक्सचा फॉर्म उघडून बसायचे आणि एक जण भारतातल्या एखाद्या पोराशी व्हिडिओ कॉलवर ऑफरबद्दल बोलत असायचा. मला त्यात काही गैर वाटलं नाही. जयंती अशीही साजरी होते.

आता मुद्द्यावर येतो. माझ्या वर्गात भारतातून आलेले सहा-सात जण होते. त्यातल्या बऱ्याच जणांचं कुणी ना कुणी आधीच अमेरिकेत होतं. मामा न्यू जर्सीत, बहीण टेक्सासमध्ये, वडिलांचा मित्र कुठल्या तरी कंपनीत. कोणत्या प्रोफेसरकडे कोणता विषय घ्यायचा, ओपीटीचा अर्ज कधी टाकायचा, मुदतवाढ मागायचा ईमेल कसा लिहायचा, हे त्यांना विमानात बसण्याआधीच ठाऊक होतं. मला प्रत्येक गोष्ट संकेतस्थळांवर शोधून काढावी लागायची. त्यांना जे दहा मिनिटांच्या फोनमध्ये कळायचं, त्यासाठी माझी अख्खी संध्याकाळ जायची. माहिती म्हणजे वेळच. ज्याच्या घरात तीन पिढ्यांचं शिक्षण आहे त्याला हा वेळ वारशाने मिळतो. शेताच्या सातबाऱ्यावर तरी नाव दिसतं, या वारशाचा कागद कुठेच नसतो. म्हणून मग त्याला हुशारी म्हणतात आणि आपल्या धावपळीला गबाळेपणा.

खोली शोधतानाही तेच. भारतीय विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर 'शुद्ध शाकाहारी रूममेट हवा' असं लिहिलेलं असायचं. आडनाव विचारलं जायचं, मग गाव, मग 'म्हणजे तुम्ही नेमके कोण?' अशा घरात राहायचं नाही म्हटलं की कॅम्पसपासून लांब राहावं लागतं. लांब राहिलं की शेवटची बस चुकू नये म्हणून लायब्ररीतून लवकर निघावं लागतं. जात अशी घड्याळात शिरते. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये आणि सिअॅटल शहराने २०२३ मध्ये. "अमेरिकेत कुठे आलीय जात?" असं विचारणाऱ्यांना या तारखा सांगत जा.

माझा सगळ्यात वाईट जानेवारी दुसऱ्या वर्षीचा. शिष्यवृत्तीचा हप्ता आला नव्हता. सगळी कागदपत्रं मी नोव्हेंबरमध्येच पाठवली होती, प्रगती अहवाल, विद्यापीठाचा शिक्का, फीची पावती, सगळं. भारतात सकाळी दहाला कार्यालय उघडायचं तेव्हा माझ्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असायचे. रोज रात्री फोन लावायचा. "साहेब मीटिंगमध्ये आहेत." "फाईल वर गेली आहे." "मार्चएंडनंतर बघू." इकडे फी थकल्यामुळे विद्यापीठाने माझ्या खात्यावर होल्ड टाकला. होल्ड उठला नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर पूर्णवेळ विद्यार्थी नाही, आणि तसं झालं तर व्हिसाच अडचणीत. कुणाच्या तरी टेबलावर पडलेल्या एका फाईलमुळे मला देश सोडावा लागला असता.

तिकडे परभणीत आईला वाटायचं पोरगं अभ्यासात बुडालंय. "पैसे आले का रे?" एवढंच ती विचारायची. मी "येतील" म्हणायचो. वडिलांनी मिस्त्रीकाम करून आम्हा भावंडांना शिकवलं. त्यांच्याकडे डॉलरमधली फी मागण्याचा प्रश्नच नव्हता.

शेवटी मी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाऊन बसलो. शिष्यवृत्तीचं मंजुरीपत्र, पाठवलेल्या सगळ्या ईमेलच्या प्रती आणि केलेल्या फोनची तारीखवार यादी समोर ठेवली. विभागप्रमुखांचं पत्र घेतलं. महिनाभरासाठी होल्ड उठला आणि फी हप्त्याने भरायची सोय झाली. पैसे मार्चच्या शेवटी आले. पण त्या दहा आठवड्यांत ज्या पेपरचा मसुदा लिहायचा होता तो मागे पडला, आणि एका विषयात मला 'इनकम्प्लीट' घेऊन तो उन्हाळ्यात पूर्ण करावा लागला. माझ्या गुणपत्रिकेवर तो शेरा दिसायचा. कार्यालयाचा उशीर कुठल्याच गुणपत्रिकेवर दिसत नाही.

त्या दिवसांत मला बाबासाहेबांच्या कोलंबियातल्या वर्षांकडे नव्याने बघता आलं. त्यांची विद्वत्ता आपण नेहमी सांगतो, त्यांच्यावरच्या मुदती मात्र सांगत नाही. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती होती महिन्याला साडेअकरा पौंड, आणि तीही तीन वर्षांची. १९१३ च्या जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले, म्हणजे १९१६ च्या उन्हाळ्यात ती संपणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. या तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मनचा एकेक असे अभ्यासक्रम घेतले. एकूण साठ. १९१५ मध्ये एमए झाले. आणि ९ मे १९१६ रोजी, म्हणजे आजही जेव्हा पोरं स्प्रिंग सेमिस्टरचे शेवटचे पेपर जमा करत असतात त्याच दिवसांत, त्यांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. आपली चळवळ आजही ज्या लेखनाकडे परत परत जाते, ते एका सेमिनारसाठी लिहिलेलं काम होतं.

पुढचं तर जास्त महत्त्वाचं. शिष्यवृत्तीची मुदत संपत आली तेव्हा बाबासाहेबांनी मुदतवाढ मागितली. ती थोडीच मिळाली. लंडनला गेले, पण १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून परतावं लागलं. परतण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली : चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्र नवल भथेना यांची मदत घेतली आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. डीएससीचा प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला, तो दुरुस्त करून १९२३ मध्ये पदवी मिळवली. कोलंबियाची पीएचडी रीतसर हातात पडली ती १९२७ मध्ये, कोलंबिया सोडल्यावर अकरा वर्षांनी.

म्हणजे ज्यांच्या नावाने आपण जयजयकार करतो त्यांनी मुदतवाढ मागितली होती, त्यांचंही शिक्षण पैशांअभावी तुटलं होतं, त्यांचाही प्रबंध परत आला होता. यातल्या कशानेही त्यांची उंची कमी झाली नाही. मग प्रोफेसरकडे आठवडाभराची मुदत मागताना आपली मान खाली का जावी?

आपल्यातलेच काही जण म्हणतील, "बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे, तुम्हाला रडायला काय झालं?" हा युक्तिवाद मला मान्य नाही. ते अठरा तास त्यांनी दिले कारण व्यवस्थेने त्यांना वर्षंच मोजून दिली होती. त्यांचे कष्ट ही आपल्यासाठी प्रेरणा आहे. फाईल दाबून ठेवणाऱ्या बाबूला त्यातून माफी मिळत नाही. पोराने अठरा तास वाचायचं आणि त्यातले चार तास फोनवर "साहेब आहेत का?" विचारण्यात घालवायचे, हे बाबासाहेबांना अभिप्रेत असेल असं ज्यांना वाटतं त्यांनी राज्यघटनेचं कलम ४६ वाचावं. अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी घेण्याची जबाबदारी त्यात राज्यावर टाकली आहे.

आणि उशिराची किंमत फक्त गुणपत्रिकेवर मोजली जात नाही. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी आपल्यातून गेला. त्याच्या शेवटच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा, १ लाख ७५ हजार रुपयांचा उल्लेख होता. त्याच्या मृत्यूमागे छळ होता, बहिष्कार होता, आणि या सगळ्यासोबत हे थकलेले पैसेही होते. नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप १९५४-५५ पासून सुरू आहे. तरी २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला फक्त ४० जणांना तात्पुरती मंजुरीपत्रं मिळाली, बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास देऊ असं सांगितलं गेलं. त्या ६६ जणांच्या विद्यापीठांची डेडलाइन निधीसाठी थांबणार होती का?

मग करायचं काय? दोन पातळ्यांवर लढायचं.

पहिली पातळी आपल्या स्वतःची. शिष्यवृत्तीच्या कार्यालयाशी झालेला प्रत्येक संवाद लेखी ठेवा. फोन केला तरी त्यानंतर "आज आपलं असं बोलणं झालं" असा ईमेल पाठवा. हप्ता लांबतोय असं दिसताच, होल्ड लागण्याची वाट न बघता, विद्यापीठाला मंजुरीपत्र दाखवून फीची मुदत वाढवून घ्या. प्रोफेसरला मुदत मागताना चार ओळीत मागा : काय झालं, किती काम झालंय, किती दिवस हवेत, नवी तारीख कोणती. शेवटच्या रात्री मागण्यापेक्षा आठवडाभर आधी मागा. आणि मन खचत असेल तर कॅम्पसवरच्या समुपदेशकाकडे जायला लाजू नका. खोलीचं दार लावून एकट्याने सहन करू नका.

दुसरी पातळी चळवळीची. शिष्यवृत्तीची जाहिरात कधी निघावी, निकाल कधी लागावा, पहिला हप्ता कधी मिळावा, या तारखा विद्यापीठांच्या वेळापत्रकाला बांधलेल्या असाव्यात ही मागणी आपण संघटितपणे केली पाहिजे. अर्जाला एक दिवस उशीर झाला तर विद्यार्थी अपात्र ठरतो. तर मग हप्त्याला महिनाभर उशीर झाला की कार्यालयाने उत्तर द्यायला नको? मुदत पाळायची सक्ती फक्त आपल्यावर का? माहितीच्या अधिकारात विचारा, आमदारांना विधिमंडळात प्रश्न मांडायला लावा. किती जागा, यावर आपण भांडतो आणि ते बरोबरच आहे. पण वेळेवर न आलेली शिष्यवृत्ती ही कापलेली जागाच असते.

आणि एक काम शासनाची वाट न बघता आपल्याला करता येईल. सवर्ण मुलांना मामाकडून जी माहिती मिळते, ती आपल्या पोरांना मिळण्यासाठी आपणच त्यांचे मामा-मावशी व्हायचं. जो जिथे शिकतोय त्याने आपल्या विद्यापीठाच्या सगळ्या तारखा, लागणारी कागदपत्रं, मुदतवाढीच्या अर्जाचा नमुना, सुरक्षित खोली कुठे मिळते हे सगळं मराठीत लिहून खालच्या पोरांना द्यावं. यंदाच्या १४ एप्रिलला डीजेसमोर नाचायचं तर जरूर नाचा. पण त्या दिवसातले दोन तास गावाकडून परदेशी जाऊ बघणाऱ्या एका तरी पोरीला द्या. तिचा अर्ज बघा, तिच्या तारखा लिहून द्या, तिचा फोन उचला. तुम्ही दिलेल्या दोन तासांनी तिचे दोन महिने वाचतील.

जय भीम!