'मागं बघ की लेका, एनिमी हाय!'

रात्री साडेअकरानंतर हिंजवडी किंवा खराडीतल्या कुठल्याही बॅचलर फ्लॅटबाहेर दोन मिनिटं उभे राहा. हे वाक्य ऐकू येणारच. बोलणारा साहेब दिवसभर क्लायंटशी इंग्लिशमध्ये, बॉसशी हिंदीत आणि एचआरवालीशी अगदी सदाशिव पेठी मराठीत बोललेला असतो. एकदा का हेडफोन कानात गेले, गावाकडचे तीन दोस्त ऑनलाइन आले आणि बीजीएमआय सुरू झालं, की साहेब थेट साताऱ्यात! 'आरं हितं नगं थांबू, घरात शिर की! लई मारत्यात!'

गंमत बघा. जी बोली आपण ऑफिसात खिशात घालून फिरतो, ती गेमच्या माइकवर बिनधास्त बाहेर येते. कारण सोपं आहे. समोर शत्रू असताना व्याकरण कोण बघतो? जिवावर बेतलं की आईची भाषाच आठवते, मग जीव मोबाइलमधला का असेना.

तर या वीकेंडला त्या बोलीच्या गावाला जाऊया. रूट एकदम सोपा. पुणे, वाई, सातारा, कराड, कडेगाव आणि सांगली. कास आणि ठोसेघर तुम्ही आधीच केलंय, फोटोही टाकून झालेत. या खेपेला कॅमेरा बॅगेत ठेवा आणि फक्त कान उघडे ठेवा.

'बसा' आणि 'बसा की'

पुण्याहून सातारा साधारण ११० किलोमीटर. खंबाटकी घाट मागं पडला की भाषेचा गिअर बदलतो. 'मागे' चं 'मागं' होतं, 'इथे' चं 'हितं', 'हो' चं 'व्हय'. पण खरी कमाल करतो तो छोटासा 'की'. पुण्यात 'बसा' म्हटलं तर खुर्ची मिळते. साताऱ्यात 'बसा की' म्हटलं म्हणजे चहाचं आधण पडलंय, तुम्ही कितीही घाईत असा. 'ये' हा हुकूम, 'ये की' हा आग्रह आणि 'ये की गा' म्हणजे आता नाही म्हणायची सोयच नाही. एका अक्षरात एवढं काम करणारं अ‍ॅप अजून कुणी काढलेलं नाही.

आणखी दक्षिणेला, सांगली-कोल्हापूरकडं सरका. तिथल्या मुली सहज म्हणतात, 'मी जातो', 'मी आलो'. पुण्यामुंबईच्या कॉलेजात पहिल्या आठवड्यात या 'जातो' वर हशा होतो आणि दुसऱ्या आठवड्यात ती मुलगी 'जाते' म्हणायला शिकते. आपण त्याला 'सुधारली' म्हणतो. खरं तर बाकीचे हसले म्हणून ती गप्प झाली, बस्स. ऑफिसात जेंडर सेन्सिटायझेशनचं ट्रेनिंग देणाऱ्यांनी एकदा या 'जातो' चा विचार करावा.

ग्रंथातली मराठी, कट्ट्यावरची मराठी

सातारा जिल्ह्यात मराठीची दोन टोकं बघायला मिळतात. एक टोक वाईला. मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून चाललं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक. पहिला खंड १९७६ ला आला. जगभरचं ज्ञान मराठीत आणायचा हा खटाटोप चालला कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात. आपल्याला मात्र वाई म्हटलं की ढोल्या गणपती आणि हिंदी सिनेमाची शूटिंग आठवतात.

दुसरं टोक म्हणजे एसटी स्टँड, उसाची गुऱ्हाळं आणि चहाची टपरी. इथली मराठी कुठल्या खंडात नाही. टीव्हीवर ती बरीच वर्षं गडी, मोलकरीण किंवा विनोदी पात्राच्याच तोंडी असायची. २०१७ मध्ये 'लागिरं झालं जी' आली आणि सातारी बोलणारी पोरं-पोरी एकदम हिरो-हिरॉइन झाली. मालिका २०१९ ला संपली, पण तोवर मुंबईतल्या लोकल ट्रेनमध्येही लोक वाक्याच्या शेवटी 'जी' लावू लागले होते.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात दर्जा दिला. आनंदच आहे. पण हा दर्जा भाषेच्या प्राचीनतेला आणि जुन्या साहित्याला बघून मिळतो. रोज रात्री जेवताना घरात ती किती बोलली जाते, हे त्यात मोजत नाहीत. आणि खरी बोंब तिथंच आहे.

सात वाजता भोंगा

म्हणूनच कडेगाव तालुका. कराडहून विट्याच्या रस्त्याला लागलं की आपण सांगली जिल्ह्यात शिरतो. तशी ही रेघ फार जुनी नाही. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' नावाचा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. बोलीला अजून ही रेघ कळलेली नाही.

याच तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव २०२२ मध्ये देशभरच्या बातम्यांत झळकलं. कोरोनात शाळा मोबाइलवर भरली. शाळा परत वर्गात गेली, मोबाइल मात्र पोरांच्या हातातच राहिला. मग त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये गावानं ठरवलं, रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजणार. भोंगा वाजला की मोबाइल बंद आणि टीव्हीही बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग काय ते बघा. मधल्या दीड तासात पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा सरळ गप्पा मारायच्या. सुरुवातीला लोक ऐकेनात. तेव्हा अंगणवाडी सेविका, आशा सेविका आणि ग्रामपंचायतीची माणसं दारोदार फिरली.

या सगळ्यातली सॉलिड गोष्ट कुठली? भोंगा एकट्या पोरांसाठी नव्हता. पोरानं गेम बंद करायचा आणि आईनं मालिका चालू ठेवायची, बापानं ओसरीत रील्स बघत बसायचं, असला दुटप्पी कारभार नाही. नियम घरातल्या सगळ्यांना. आपल्या सोसायटीत हा ठराव मांडून बघा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महायुद्ध होईल.

मग गेम वाईट का?

अजिबात नाही, बॉस! नव्या करमणुकीला नावं ठेवायची सवय जुनीच. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' चा प्रयोग केला आणि मराठी रंगभूमीची सुरुवात झाली असं आपण अभिमानानं सांगतो. पण पुढं कितीतरी वर्षं घरंदाज लोकांना नाटकात काम करणं कमीपणाचं वाटायचं. नंतर सिनेमानं पोरं बिघडली, मग केबलनं, मग सायबर कॅफेतल्या काउंटर-स्ट्राइकनं. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली, तेव्हा अनेक आयांनी देवापुढं साखर ठेवली असणार. पुढच्याच वर्षी बीजीएमआय आलं आणि साखर वाया गेली.

खरं सांगायचं तर पुण्यातल्या फ्लॅटमधला आपला साहेब गेमच्या माइकवर जे करतो, ते पारावरच्या गप्पांचंच काम आहे. एक कोरेगावात, एक पलूसला, एक दुबईत. चौघं शिव्या देतात, खिदळतात आणि मधेच कुणाच्या म्हाताऱ्याला ॲडमिट केलंय हेही कळतं. बोली टिकते ती समोर बोलणारं कुणी असलं की. मग समोर पार असो नाहीतर हेडफोन.

लोचा एवढाच की माइकवर फक्त आपल्याच वयाची माणसं असतात. 'आधण', 'इरजण', 'कासरा', 'औंदा' हे शब्द गेममध्ये कधी येत नाहीत. ते आजीकडं आहेत आणि आजीला लॉबीत जॉइन होता येत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर गावोगावच्या बोली रेकॉर्ड केल्यात. मोलाचं काम. पण आपल्या आजीचं बोलणं आपल्या पोराला सर्व्हरवर ऐकावं लागणार असेल, तर तो दीड तास आपण कुठं घालवला, हे विचारायला हवं.

शेवटचा स्टॉप सांगली. कृष्णेवर १९२९ सालचा आयर्विन पूल आहे. संध्याकाळी घाटावर बसा, भडंगाची पुडी फोडा आणि शेजारी बसलेल्या आजोबांना एवढंच विचारा, 'औंदा पाणी किती चढलं वं?' २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिलेत ते या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत देत नाहीत. दीड तास आरामात जातो.

जायचं कसं? स्वारगेटहून साताऱ्याला भरपूर एसटी आहेत. गाडी असेल तर मुंबई-बंगळूर हायवे धरा. वाईसाठी सुरूर फाट्याला उजवीकडं वळा. साताऱ्यात कंदी पेढे मस्ट. आणि पेढेवाल्यानं 'आजून घ्या की' म्हटलं तर हिंदीत उत्तर देऊ नका, प्लीज.