शालूवरचा डाग

ड्राय क्लीनिंग म्हणजे कोरडी धुलाई, अशी माझी भाबडी समजूत होती. आईचा लग्नातला शालू पिशवीत घालून बेळगावच्या खडेबाजारात हिंडायची पाळी आली, तेव्हा ती गेली.

झाले असे, की स्नेहसंमेलनातल्या नाटकासाठी तो शालू मी हट्टाने मागून नेला आणि विंगेत त्यावर चहा सांडला. आईला सांगायचे धाडस होईना. दुसऱ्या दिवशी गुपचूप जवळच्या एका दुकानात टाकला. दुकानदाराने काही विचारले नाही, मीही काही बोलले नाही. "परवा या," एवढेच संभाषण. परवा शालू मिळाला, कडक इस्त्रीचा. डाग मात्र तपकिरी होऊन पक्का बसलेला!

मग एका मैत्रिणीने मला वृद्ध कानडी कारागिराकडे नेले. त्यांनी शालू उजेडात धरला. "एन् बित्तु, तंगी? यावाग बित्तु?" काय सांडले आणि केव्हा? मी म्हटले, "जुनाच डाग आहे." ते हसून मराठीत म्हणाले, "डॉक्टरपाशी अन् आमच्यापाशी खोटं बोलू नये." मग मी सगळे सांगितले.

तेव्हा कळले, की ही धुलाई कोरडी नसतेच. पाण्याऐवजी दुसरे द्रावण वापरतात, इतकेच. त्यात तेलतूप विरघळते, साखर नाही. म्हणून चहाचा डाग आधी वेगळा काढावा लागतो. तसाच ठेवून इस्त्री फिरवली, की साखर करपते. बोलता बोलता त्यांनी आतल्या काठाला ओले पांढरे फडके दाबून रंग सुटतो का ते पाहिले, जर तपासली आणि पावतीवर लिहिले : 'चहा. इस्त्री झालेली.' वर म्हणाले, "खात्री देत नाही. प्रयत्न करतो."

त्या एका वाक्यावर मी निर्धास्त झाले. जो आधी विचारतो आणि भलती हमी देत नाही, तो चांगला ड्राय क्लीनर. आणि खरे सांगते, ते चांगले गिऱ्हाईक.

आठ दिवसांनी शालू मिळाला. डाग पुसट झाला होता, पण गेला नव्हता. "प्लॅस्टिकमधून काढून वाऱ्यावर ठेव, मलमलीत गुंडाळ, घड्या बदलत जा, नाहीतर जर घडीवर तुटते," त्यांनी बजावले.

घरी येऊन मी शालू आईपुढे ठेवला. तिने पदर उलगडला, थोडा वेळ पाहिला आणि विचारले, "काय सांडलं गं? केव्हा?"

या वेळी मी पहिल्याच प्रश्नाला खरे उत्तर दिले.