चिमणीचें दार

गेलीं ३० वर्षें मी महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहें. कथेचें मर्म काय, तिची घडण कशी पारखावी, या विषयावर मीं इतकीं व्याख्यानें दिलीं आहेत, कीं त्यांतील एखादें ज्याला आठवत असेल त्या विद्यार्थ्याचें मला कौतुकच वाटेल. परंतु गोष्टीचें खरें सामर्थ्य मला उमगलें तें गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत, आणि तेंहि पांच वर्षांच्या एका गुरूकडून. हे गुरु म्हणजे माझा नातू.

माझी मुलगी बंगळूरला असते. सुटींत ती मुलाला घेऊन आली, आणि दुसऱ्याच दिवशीं त्यानें माझ्या आईचा ताबा घेतला. आईनें आतां ऐंशी ओलांडली आहे. सकाळचें औषध घेतलें कीं नाहीं, हें तिला आठवत नाहीं. पण काऊचिऊची गोष्ट ती एक शब्दहि न चुकतां सांगते. कावळ्याचें शेणाचें घर पावसांत वाहून जातें, चिमणीचें मेणाचें टिकतें. भिजलेला कावळा तिचें दार ठोठावतो, आणि ती आंतून एकेक काम सांगत राहते : कधीं बाळाचें न्हाणें, कधीं काजळतीट, कधीं त्याची झोप. या गोष्टीचें जुनें रूप १३ व्या शतकांतील लीळाचरित्रांत आढळतें. म्हणजे हा कावळा निदान ७०० वर्षें तरी मराठी मुलांपुढें भिजत उभा आहे.

मी पलीकडे वर्तमानपत्र वाचीत होतों. गोष्ट संपतांच माझ्यांतील प्राध्यापक जागा झाला. मीं विचारलें, "मग बाळ, यावरून आपण काय शिकलों? घर कसें बांधावें?"

त्यानें माझ्याकडे पाहिलेंहि नाहीं. "पणजी, चिऊनें पहिल्यांदाच दार कां नाहीं उघडलें?"

"तिला काम होतें ना रे, राजा."

"पण तो भिजत होता ना!" आणि त्याचे डोळे भरून आले.

दुसऱ्या रात्रीं त्यानें तीच गोष्ट सांगायला लावली, आणि कावळ्यानें पहिल्यांदा दार वाजविण्याबरोबर स्वतः उठून खोलीचें दार उघडलें. गोष्ट तेथेंच संपली. आईला हें मुळींच पसंत पडलें नाहीं. बाळाची आंघोळ राहिली, अशी तिची तक्रार!

दोन रात्रींत हें मूल किती शिकलें, याचा मी मागाहून हिशेब मांडला. तीट हा शब्द त्याला नवा होता; तो त्याला कोणी पाठ करावयास लावला नाहीं. एका घटनेच्या पोटीं दुसरी कशी येते, हें त्याला कळलें. पुन्हां दार वाजलें कीं चिमणी काय म्हणेल, हें तो आधींच ओळखूं लागला. पुढें पुस्तक वाचतांना हीच शक्ति उपयोगी पडते. पण सर्वांत मोठी गोष्ट ही, कीं दुसऱ्याच्या अंगावरचा पाऊस त्याला लागला. माझ्या तात्पर्यांत त्या पावसाला जागाच नव्हती.

तात्पर्य अगदींच टाकाऊ, असें मी म्हणत नाहीं. पंचतंत्रांत राजा अमरशक्तीच्या तीन विद्याविन्मुख मुलांना शिकवावयाचें होतें. नुसत्या व्याकरणालाच १२ वर्षें लागतात, असें राजाला सांगण्यांत आलें. विष्णुशर्म्यानें ६ महिन्यांची मुदत मागितली आणि गोष्टी सांगितल्या. तेथें उपदेशाचा श्लोक बहुधा गोष्टीच्या आधीं येतो. तो ऐकून दुसरें पात्र विचारतें, हें कसें काय? मग गोष्ट सुरू होते. म्हणजे तेथें उपदेश कुतूहल चेतवितो. आम्ही मात्र तो शेवटीं आणून कुतूहल विझवितों. गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरला बालमंदिर सुरू केलें. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकांतील शिक्षकालाहि आरंभीं वर्ग आवरत नाहीं. तो गोष्ट सांगूं लागतो, आणि तींच दांडगीं मुलें कान देऊन बसतात.

पण हा सारा विचार नंतरचा. त्या रात्रीं नातवानें दार उघडलें, तेव्हां बाहेर माझी मुलगी उभी होती. ती हंसून म्हणाली, "बाबा, आठवतें? मीहि तुमच्या अभ्यासिकेचें दार वाजवीत असें."

मला आठवत होतें. थांब, एवढ्या उत्तरपत्रिका तपासूं दे. थांब, उद्यांचें व्याख्यान तयार होऊं दे. पुढें मीं तिला गोष्टींचीं सुंदर पुस्तकें आणून दिलीं. तीं तिनें एकटीनें वाचलीं, आणि दार वाजविणें सोडून दिलें. त्या वेळीं मला तें तिच्या शहाणपणाचें लक्षण वाटलें होतें. तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. असती तर मला कांहीं उत्तर तरी देतां आलें असतें.

तीं परत जाण्याच्या आदल्या रात्रीं मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसलों होतों. दार वाजलें. मीं लेखणी खालीं ठेवली आणि उठून दार उघडलें.

"आजोबा, आज तुम्ही सांगा. पणजी झोपली."

मला एकच गोष्ट येत होती. ती मीं सुरू केली, आणि चारदोन ठिकाणीं चुकलोंहि. चुकेन तेथें उंबऱ्यावरून कोणी तरी मला दुरुस्त करीत होतें. पाहतों तों माझी मुलगी तेथें गुडघ्यांभोंवतीं हात गुंफून बसली होती.