तीस खांबांचा मंडप

वाईचे ढोल्या गणपतीचे देऊळ कोणी बांधले, असे आमच्याकडे विचारले तर शेंबडे पोरही सांगेल, रास्त्यांनी. माहुलीचे विश्वेश्वराचे देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींचे, मेणवलीचा वाडा व घाट नाना फडणिसांचा, आणि सांगलीचे गणपतिमंदिर चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांचे. ज्याची थैली मोकळी झाली त्याचे नाव दगडाला चिकटले. ज्याने सुतळी ताणून पाया आखला आणि कोणता दगड कोठे बसेल हे नुसत्या डोळ्यांनी ठरविले, त्या पाथरवटाचे नाव विचारण्याची चाल आपल्यात नाही. आमची याविषयी फारशी तक्रारही नाही. पंक्तीला बसल्यावर आचाऱ्याचे नाव कोण विचारतो? तथापि जेवण अंगी लागले असता, किंवा बाधले असता, आचाऱ्याची आठवण होतेच. आणि गेली काही वर्षे आमच्या घरी इमारतींच्या आचाऱ्यांची आठवण वरचेवर निघत आहे. त्याला कारणे दोन : एक आमची पुतणी, आणि दुसरी कृष्णामाई.

पुतणी वास्तुशास्त्र शिकली व पुढील अध्ययनासाठी अमेरिकेत गेली. तिच्याच तोंडून आम्ही ‘स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल’ हे लांबलचक नाव प्रथम ऐकले. एखाद्या वकिलांच्या पेढीचे शोभावे असे हे नाव जगातील एका अत्यंत मोठ्या वास्तुशिल्पज्ञांच्या पेढीचे आहे. लुई स्किडमोर व नॅथॅनिएल ओविंग्ज या दोघा मेहुण्यांनी १९३६ साली शिकागो शहरी ती काढली. स्किडमोरची पत्नी ही ओविंग्जची बहीण. १९३३ साली शिकागोस जे मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते, त्याच्या उभारणीत दोघांचा हात होता. मंदीच्या त्या दिवसांत तेवढीच ओळख त्यांच्या गाठीशी होती. १९३९ साली जॉन मेरिल येऊन मिळाला. पेढीचा आरंभीचा दंडक असा की, इमारत कोणा एका कलावंताची नव्हे, पेढीची. आखणारा, गणित करणारा, नळ व दिवे यांची योजना करणारा, सर्व एकाच छपराखाली, आणि नाव पडावयाचे ते तिघा मालकांचे. ही रीत ऐकून आम्हांस रास्ते आणि पंतप्रतिनिधी आठवले. तिकडेही पाथरवट नावाविनाच राहिला, फक्त त्याला पगार बरा मिळू लागला.

पेढी मोठी झाली ती युद्धात. अणुबॉम्बसाठी टेनेसी प्रांतातील रानात एक गुप्त शहर वसवावयाचे होते. त्याची आखणी या पेढीकडे आली. काही हजार वस्तीसाठी योजलेले ते ओक रिज गाव पाहता पाहता पाऊण लाखावर गेले. तेथे शाळा झाल्या, दुकाने झाली, डोंगराच्या उतारावर पडवीची टुमदार घरे झाली. आपण नेमके कशासाठी राबतो हे तेथील बहुतेकांस ठाऊक नव्हते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर जो बॉम्ब पडला त्यातील युरेनियम तेथे शुद्ध झाले होते. पेढीच्या कर्तृत्वाचे वर्णन करताना या प्रकरणाकडे लोक ‘नगररचनेचा अनुभव’ म्हणून पाहतात. आम्हांस मात्र त्या पडव्या काही केल्या विसरता येत नाहीत.

त्यानंतर १९५२ साली न्यूयॉर्क येथे लीव्हर हाऊस उभे राहिले. आखणी गॉर्डन बनशाफ्ट याची. साबण विकणाऱ्या कंपनीने धुऊन लख्ख ठेवता येईल अशा काचेच्या भिंती मागाव्यात, यात औचित्य होते. खिडक्या न उघडणाऱ्या, आत यंत्राने केलेला गारवा. न्यूयॉर्कच्या हवेत ही इमारत सुरेख दिसली, यात संशय नाही. परंतु तिची जी बाळे पुढे जगभर रांगत गेली, ती अखेर सांगली-मिरज रस्त्यापर्यंत येऊन पोहोचली. वैशाखाच्या उन्हात पश्चिमेकडे तोंड करून उभी असलेली ती निळ्या काचेची दुकाने पाहिली, म्हणजे आत बसणाऱ्याची कीव येते. मूळ इमारत पाहून तिचे कारण न पाहणे, हा नकलेचा सनातन दोष होय.

या पेढीतील एका माणसाविषयी मात्र किती बोलावे तितके थोडे. फझलुर रहमान खान हा १९२९ साली ढाक्यास जन्मलेला बंगाली. कलकत्त्याजवळ शिवपूरच्या इंजिनियरिंग कॉलेजात व ढाक्यास शिकून १९५२ साली तो शिष्यवृत्तीवर इलिनॉयला गेला आणि १९५५ साली या पेढीत लागला. त्या काळी उंच इमारत म्हणजे आत खांब-तुळयांचा दाट पिंजरा. मजले वाढतील तसे पोलाद वाढावयाचे, आणि त्यातील बराच भाग वजन पेलण्यास नव्हे तर वाऱ्याशी झुंजण्यास खर्च व्हावयाचा. खानाने विचार उलटा केला. बळ आतून काढून बाहेरच्या अंगास द्यावे. सारी इमारत एक पोकळ नळी समजावी. आपल्याकडे हे सांगण्यास गणित नको. वेळूचे बेट पाहिलेल्या कोणासही कळेल. वेळू आतून पोकळ असतो, पण त्याचे सारे बळ सालीत असल्यामुळे तो वादळात वाकतो आणि पुन्हा उभा राहतो. शिकागोची शंभर मजल्यांची जॉन हॅन्कॉक इमारत १९६९ साली पुरी होत आली, तेव्हा तिला दर चौरस फुटास सुमारे ३० पौंड पोलाद लागले होते. १९३१ च्या एम्पायर स्टेट इमारतीस ४० पौंडांहून अधिक लागले होते. नंतर अशा नऊ चौकोनी नळ्यांची मोळी बांधून त्याने सिअर्स टॉवर उभा केला. ११० मजले, ४४२ मीटर. १९७३ पासून पंचवीस वर्षे त्याच्याहून उंच इमारत जगात नव्हती.

आम्हांस त्याच्या उंचीहून दुसरी एक गोष्ट मोठी वाटते. १९७१ साली बांगलादेशात कत्तल चालू असता हा मनुष्य शिकागोत बसून स्वस्थ राहिला नाही. देशबांधवांची बाजू अमेरिकेत मांडण्यासाठी व मदत जमविण्यासाठी तो झटला. रवींद्रनाथांची गाणी त्याला प्रिय होती. १९८२ साली जिद्दा येथे, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी तो गेला. सिअर्स टॉवरच्या पायथ्याच्या रस्त्याला पुढे त्याचे नाव दिले गेले. नाव न घालण्याचा दंडक असलेल्या पेढीतील नोकराचे नाव रस्त्याला, आणि टॉवरला नाव दिले त्या सिअर्स कंपनीचे मात्र २००९ साली पुसले जाऊन ‘विलिस’ आले. नावांचे असेच चालते.

खानाच्या मागे पेढीने त्याहून उंच झेप घेतली. दुबईचा ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा २०१० साली खुला झाला. एवढ्या उंचीवर खरा शत्रू वारा. वारा गुळगुळीत सारख्या अंगावरून वाहिला की दोन्ही बाजूंस आळीपाळीने भोवरे उठतात आणि इमारत ठेक्यात डुलू लागते. म्हणून तीन पाकळ्यांची ती इमारत वर जाताना गोल फेर धरून टप्प्याटप्प्याने आत घेतली आहे. दर थरावर वाऱ्यास निराळा आकार भेटतो आणि भोवऱ्यांचा ठेका जुळतच नाही. हे पुतणी उत्साहाने सांगत होती, तेव्हा आमचे थोरले बंधू आण्णा सुपारी कातरीत होते. ते मान वर न करता म्हणाले, “म्हणजे ढोल्या गणपतीची मागली भिंत.”

आण्णांचे बोलणे वायफळ नव्हते. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली बांधविलेले ते देऊळ कृष्णेच्या अगदी घाटावर आहे. त्याची मागली भिंत सपाट नसून माशाच्या आकाराची टोकदार आहे. पुराचे पाणी तिच्यावर येऊन दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. ज्या गवंड्याने ही भिंत रचली त्याने नदीला अडविण्याचा हट्ट धरला नाही, तिला वाट करून दिली. वाऱ्याची परीक्षा घेणारे यंत्र त्याच्याजवळ नव्हते. अनेक श्रावण-भाद्रपद मात्र त्याने नदीकाठी काढले असले पाहिजेत.

पुतणी परत जाण्यास निघाली त्या रात्री तिला पोहोचविण्यास आम्ही मुंबईस गेलो, आणि याच पेढीने आखलेले विमानतळाचे दुसरे टर्मिनल पाहण्याचा योग आला. सांगली-साताऱ्याकडील मध्यमवर्गाला ही जागा आता पंढरपूर-नरसोबाच्या वाडीइतकी परिचयाची झाली आहे. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उद्घाटन झाले. जुने टर्मिनल चालू ठेवूनच शेजारी नवे उभारावयाचे होते, म्हणून आराखडा फुलीसारखा, टप्प्याटप्प्याने बांधता येईल असा केला. सुमारे सत्तर हजार चौरस मीटरांचे एकसंध छत केवळ तीस खांबांवर तोलले आहे. दोन खांबांत एका बाजूने ६४ व दुसऱ्या बाजूने ३४ मीटर अंतर. खांब वर जाता जाता छत्रीसारखा उमलतो आणि त्याचेच छत होते. खांब कोठे संपला व छत कोठे सुरू झाले, हे बोट ठेवून दाखविता येत नाही. छतात रंगीत काचेच्या टिकल्या बसविल्या आहेत. त्यांत मोराचे पीस योजले आहे म्हणतात.

येथील प्रादेशिक वास्तूंतील मंडप व चौक यांची ही आठवण आहे, असे पेढीचे म्हणणे. मंडप म्हटले तर आम्हांस मान्य आहे. चौक म्हणाल तर नाही. आमच्या वाड्याच्या चौकात पाऊस पडतो, तुळस भिजते, चिमण्या येतात, आणि वर पाहिले असता आभाळ दिसते. रंगीत टिकल्यांनी त्याची भरपाई व्हावयाची नाही. परंतु एका गोष्टीबद्दल या परक्या आचाऱ्यांस आम्ही मनापासून दुवा देतो. आपल्याकडे एक मनुष्य परदेशी जातो तेव्हा त्याला पोहोचविण्यास अकरा माणसे येतात, हे त्यांनी दोष न मानता हिशेबात धरले. निरोपाची आणि स्वागताची गर्दी मावावी अशा बेताने जागा योजल्या. देशातल्या विमानतळांवर तिकिटावाचून आत प्रवेश नाही, त्यामुळे खरा निरोप दाराबाहेरच होतो. तेथे आमच्याभोवती सारा महाराष्ट्रच होता. कोणी भडंगाची पिशवी अखेरच्या क्षणी कोंबीत होते, कोणी मुलाच्या हातावर दही घालीत होते. वहिनींनी पुतणीची ओटी तेथेच, ढकलगाडीच्या आडोशाने भरली. कोणी हटकले नाही. मुलगी दिसेनाशी झाल्यावरही ती माणसे काचेला नाक लावून उभी राहतात. काचेच्या भिंतीचा एवढा एकच उपयोग आम्हांस पूर्ण पटला.

आता कृष्णामाईची कथा. सांगलीच्या गावभागातील आमचा वाडा पांढऱ्या मातीचा, सागवानी खणांचा. २००५ च्या पुरात तो भिजला, तरी तगला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी दिवसेंदिवस ओसरेना. ते ओसरल्यावर सोप्याची भिंत एका दुपारी, कोणी हात न लावता, बसली. २०२१ साली पुन्हा पूर. मग भावंडांनी ठरविले की, वाडा उतरवावा व नवे घर बांधावे. ठेकेदाराने लगोलग नकाशा आणला : चार मजले, सीमेपर्यंत भिंती, तळमजल्यावर चार गाळे, दर्शनी भागास निळी काच. हिशेबाने पाहता त्याचे काही चुकत नव्हते.

पुतणीला तो नकाशा पाठविला, तेव्हा तिने मत दिलेच नाही. तिने आण्णांना कळविले की, वाईला जाऊन त्या मागल्या भिंतीची मापे घ्यावीत. टोकापासून दोन्ही बाजूंची लांबी, आणि जमते तर उंची. आण्णा वयाच्या शहात्तराव्या वर्षी फीत घेऊन गेले. घाटावरच्या पोरांनी फितीचे दुसरे टोक धरले.

महिन्याभराने तिचा नकाशा आला. त्यात तळमजला नुसत्या खांबांवर मोकळा आहे, नदीकडील खांब गोल नसून प्रवाहाकडे निमुळते आहेत, आणि राहत्या घराची जमीन २०१९ च्या पाण्याच्या खुणेहून तीन फूट वर धरली आहे. मधोमध चौक आहे, वर उघडा. गाळे नाहीत. चार गाळ्यांचे भाडे म्हणजे आण्णांच्या औषधपाण्याची सोय, हे घरात प्रत्येकाला ठाऊक आहे आणि कोणी बोलून दाखवीत नाही.

दोन्ही नकाशे सध्या देवघराशेजारच्या फडताळात आहेत. गेल्या रविवारी आमच्या जुन्या गवंड्यास बोलावून ते दाखविले. त्याने चष्मा पुसून पुतणीच्या नकाशावरील निमुळत्या खांबावर बोट ठेवले आणि विचारले, “याचं टोक वरल्या अंगाला ठेवायचं की खालच्या?” आण्णांनी सांगितले, वरल्या, हरिपूरच्या उलट दिशेला. मग दोघे जण नदीच्या अंगाला, जेथे सोप्याची भिंत होती तेथे जाऊन उभे राहिले व बराच वेळ काही तरी पावलांनी मोजीत होते.