परराज्यातली गाडी आणि एमएच-२१चा हिशोब

दसरा-दिवाळीच्या तोंडावर जालन्यात नव्या गाडीची बोलणी सुरू झाली की कुणीतरी हमखास सांगतं, ‘इथे कशाला घेता, हैदराबादला स्वस्त मिळेल.’ कुणी सुरतेचं नाव घेतं, कुणी इंदूरचं. हैदराबादचं नाव आधी येण्याला कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जालना हैदराबाद राज्यातच होतं, सिकंदराबाद-मनमाड रेल्वेने ते आजही त्या शहराशी बांधलेलं आहे आणि मोठ्या खरेदीला दक्षिणेकडे जाण्याची सवय पिढ्यानपिढ्यांची आहे. वाहनांची नोंदणी, कर आणि विमा हा माझ्या रोजच्या कामाचा विषय असल्याने या सल्ल्याचा हिशोब मांडावासा वाटतो. माझं म्हणणं असं की राज्याची सीमा ओलांडली म्हणून गाडी स्वस्त होण्याचे दिवस आता संपले आहेत. परराज्यातून गाडी जरूर घ्यावी, तो आपला हक्क आहे. पण ती विक्रेत्याच्या सवलतीसाठी किंवा लवकर ताबा मिळावा म्हणून. करातून बचत होईल या आशेने जो जाईल, त्याचा हिशोब चुकलेला असेल.

हा समज अगदीच निराधार नाही, तो जुना आहे इतकंच. विक्रीकराच्या आणि पुढे व्हॅटच्या काळात प्रत्येक राज्याचा दर वेगळा असे आणि शेजारच्या राज्यात गाडी खरोखर कमी किमतीत मिळे. ही गळती थांबवण्यासाठीच महाराष्ट्राने १९८७ साली मोटार वाहनांवरील प्रवेश कराचा कायदा केला. बाहेरून आणलेल्या गाडीची इथे नोंदणी करायची तर दोन्ही राज्यांच्या करांतला फरक भरावा लागे. गाडी पंधरा महिने किंवा त्याहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात नोंदलेली असेल, तर मात्र हा कर लागत नसे. ‘बाहेरचा नंबर घ्या, वर्ष-सव्वा वर्ष थांबा, मग बदलून घ्या’ हा आजही ऐकू येणारा सल्ला त्या पंधरा महिन्यांचाच अवशेष आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि प्रवेश कर त्यात विलीन झाला. आता सुरत, हैदराबाद आणि जालना, तिन्ही ठिकाणी एकाच गाडीवर एकच दर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंतच्या छोट्या गाड्यांवर (पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत) १८ टक्के आणि मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आकारणी होते. भरपाई उपकर गेला. शिवाय ऑक्टोबर २०२३ पासूनच्या तरतुदीप्रमाणे जीएसटी नोंदणी नसलेल्या ग्राहकाचा जो पत्ता बिलावर असेल, तेच विक्रीचं ठिकाण धरलं जातं. हैदराबादच्या शोरूमने बिलावर अंबड किंवा परतूरचा पत्ता लिहिला की आयजीएसटी लागतो आणि राज्याचा वाटा महाराष्ट्राकडे येतो. ग्राहकाच्या खिशातून जाणारी रक्कम तीच राहते.

राहिला रस्ता कर, म्हणजे आरटीओत भरायचा एकरकमी मोटार वाहन कर. इथे राज्याराज्यांत खरोखर मोठा फरक आहे आणि मोहही इथेच पडतो. महाराष्ट्रात वैयक्तिक मालकीच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, वीस लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३ टक्के कर आहे. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५ टक्के होतात. गुजरातेत खासगी गाडीचा दर ६ टक्के आहे. बारा लाखांच्या पेट्रोल गाडीला इथे १ लाख ४४ हजार भरावे लागतात आणि तिथे ७२ हजार. हे आकडे समोर ठेवले की कुणालाही सुरतेचा रस्ता दिसू लागतो. पण हा कर गाडी जिथे नोंदली जाते तिथला असतो, जिथे विकली जाते तिथला नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४० प्रमाणे मालक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो आणि गाडी जिथे सामान्यतः ठेवली जाते, त्या राज्यातच नोंदणी करायची आहे. भोकरदनला राहणाऱ्याने सुरतेहून गाडी आणली तरी तिचा नंबर जालन्याच्या एमएच-२१ मालिकेतलाच येणार आणि कर महाराष्ट्राच्या दराने लागणार. ते ७२ हजार वाचत नाहीत.

यावर हटकून येणारा प्रश्न असा: सुरतेला मेहुणा राहतो, त्याच्या पत्त्यावर नंबर घेतला तर काय बिघडतं? कायदाच बारा महिने बाहेरच्या नंबरावर चालवू देतो ना? कलम ४७ मध्ये बारा महिन्यांचा उल्लेख आहे हे खरं. पण ती सोय कायदेशीर नोंदणी झालेल्या आणि पुढे नोकरी-बदलीमुळे दुसऱ्या राज्यात न्याव्या लागलेल्या गाडीसाठी आहे. जी गाडी पहिल्या दिवसापासून जालन्यातच उभी राहणार, तिच्या नोंदणीसाठी परक्या पत्त्याचा भाडेकरार जोडणं म्हणजे खोटं निवेदन करणं होय. अशी नोंदणी कलम ५५ खाली रद्द होऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीने तर खोट्या कागदपत्रांवरच्या नोंदणीसाठी कैदेच्या शिक्षेचं कलम कायद्यात घातलं. पुदुच्चेरीत कमी कर भरून केरळात महागड्या गाड्या फिरवणाऱ्यांवर २०१७ मध्ये झालेली कारवाई देशभर गाजली. त्यात नामवंतही होते. आणि पकडलं जाण्याची भीती बाजूला ठेवली तरी आकडे साथ देत नाहीत. कधीतरी नंबर बदलायचाच आहे. तेव्हा तिथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, बँकेची संमती, इथला कर नव्याने आणि तिथल्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज, असा सगळा फेरा होतो. वर्षभर जुन्या गाडीच्या करात फारशी सूट नसते. ज्यांची नोकरी खरोखर फिरती आहे त्यांच्यासाठी सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिकेची सोय आहे. सरकारी, सार्वजनिक उपक्रमांतले, संरक्षण दलांतले आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतले कर्मचारी दर दोन वर्षांनी कर भरून ती घेऊ शकतात. जालन्याचा व्यापारी किंवा बागायतदार त्यात बसत नाही.

मग बाहेर जाऊन हाती काय लागतं? विक्रेत्याने आपल्या नफ्यातून सोडलेले पैसे. मोठ्या शहरात एकाच कंपनीचे अनेक विक्रेते असतात, त्यांच्याकडे साठा मोठा असतो, महिनाअखेरीला विक्रीचं उद्दिष्ट गाठायचं असतं. त्यामुळे तिथे जास्त सूट मिळू शकते, हवा तो रंग किंवा हवं ते मॉडेल लगेच मिळू शकतं. पण सूट मिळते ती स्पर्धेमुळे आणि संख्येमुळे. राज्य कोणतं याला महत्त्व नाही. याचा मोठा दाखला आपल्या शेजारीच आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या खरेदीदारांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज गाड्यांचा सुमारे ६५ कोटींचा सौदा एकाच वेळी केला आणि कंपनीपासून बँकेपर्यंत सगळ्यांना आपल्या अटींवर बोलायला लावलं. त्यांचं बळ संख्येत होतं. जालन्याच्या एमआयडीसीतल्या चार-पाच उद्योजकांनी किंवा एखाद्या गावच्या मोसंबी उत्पादकांनी एकत्र जाऊन एकाच विक्रेत्याकडे बोलणी केली, तर दूरच्या शहरातल्या एकट्या ग्राहकापेक्षा त्यांना चांगला भाव मिळेल असं माझं ठाम मत आहे.

तुलना करताना कोटेशनचा कागद ओळीओळीने वाचायला हवा, कारण शेवटचा ‘ऑन रोड’ आकडा फसवा असतो. हैदराबादच्या कोटेशनमध्ये तेलंगणचा कर धरलेला असेल तर तो काढून महाराष्ट्राचा घालावा लागतो. विम्याची ओळ तर फार कमी लोक तपासतात. गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर ठरवताना अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे ही आठ शहरं ‘अ’ विभागात धरतात, बाकीचा देश ‘ब’ विभागात. एमएच-२१ ची गाडी ‘ब’ मध्ये येते आणि तिचा हप्ता थोडा कमी असतो. हैदराबादच्या विक्रेत्याने सवयीने ‘अ’ विभागाचा दर लावला असेल तर तो दुरुस्त करून घ्यावा. विमा त्याच्याकडूनच घ्या अशी सक्ती तो करू शकत नाही. दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस लागतो, तो विवरणपत्र भरताना वळता होतो; तो खर्च नव्हे. ‘हँडलिंग’ नावाची ओळ दिसली तर ती काढायला सांगावी. एवढं करून जो फरक उरेल त्यातून साडेचारशे-पाचशे किलोमीटरचं इंधन, टोल, मुक्काम आणि आरटीओच्या फेऱ्या वजा कराव्यात. छोट्या गाडीच्या बाबतीत हाती बहुधा काही उरत नाही.

हे करूनही बाहेरून घ्यायचं ठरलं, तर काम आपल्यावर पडतं हे लक्षात ठेवावं. राज्यातल्या विक्रेत्याने नव्या गाडीची नोंदणी स्वतः करून द्यायची आणि नंबर प्लेट लावूनच गाडी ताब्यात द्यायची, असं कायदा सांगतो. परराज्यातल्या विक्रेत्यावर ही जबाबदारी नाही. तो तात्पुरती नोंदणी करून देतो, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांची. पुढची नोंदणी मालकाने जालन्याच्या आरटीओत करायची. त्यासाठी नमुना २१ चा विक्री दाखला, नमुना २२ चं उत्पादकाचं प्रमाणपत्र, बिल, विमा आणि तात्पुरत्या नोंदणीचा दाखला मूळ प्रतीत हातात घेतल्याशिवाय शोरूममधून निघू नये. नमुना २१ वर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. सवलतीत मिळालेली गाडी गेल्या वर्षीची निघाली तर ते तिथेच कळतं. चासी नंबर कागदावरून नव्हे, गाडीवरून वाचून जुळवावा. उच्च सुरक्षा नंबर प्लेट कोण बसवणार हेही आधी लिहून घ्यावं, नाहीतर नंबर मिळतो आणि प्लेट अडते. तेलंगण हे राज्य केंद्राच्या ‘वाहन’ प्रणालीबाहेर बरीच वर्षं राहिलं, त्यामुळे तिथल्या कागदांचा मेळ इथल्या संगणकावर बसवणं ही वेगळी डोकेदुखी असे. तात्पुरत्या नोंदणीला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते म्हणून ढिलाई नको. मार्च २०२० अखेर बीएस-४ गाड्यांची मुदत संपली तेव्हा वेळेत नोंदणी न झालेल्या गाड्या मालकांच्या दारातच अडकल्या होत्या.

‘पुढे गाडी बिघडली तर भांडायला हैदराबादला जायचं का?’ हा आक्षेप मात्र आता टिकत नाही. कंपनीची वॉरंटी देशभर चालते. जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पन्नास लाखांपर्यंतची गाडी असेल तर जालन्यातच दाद मागता येईल.

कंपनीच्या नावावर गाडी घेणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या मोटारीला रस्ता कर थेट २० टक्के आहे, आणि तो टाळायला बाहेर जाऊन उपयोग नाही, कारण नोंदणी इथलीच. मोटारीवरचा जीएसटी परत मिळतो हाही गैरसमज आहे. प्रवासी मोटारीचं क्रेडिट साधारणपणे मिळत नाही. मालट्रकचं मिळतं. म्हणून रोलिंग मिलसाठी परराज्यातून ट्रक घेताना बिलावर जालन्याचा जीएसटी क्रमांक आणि आयजीएसटीच हवा. दुसऱ्या राज्याचा एसजीएसटी लागला तर ती रक्कम बुडाली.

माझा कौल सांगतो. स्थानिक शोरूममध्ये सौदा जमला नाही तर आधी छत्रपती संभाजीनगर, पुणे, नागपूर धुंडाळा. ही शहरं आपल्याच राज्यात असल्याने नोंदणीचं सगळं काम विक्रेत्यानेच करायचं आहे आणि नंबरही एमएच-२१ चाच मिळतो. तिथेही हवी ती गाडी नसेल तरच सीमा ओलांडा, आणि बुकिंगची रक्कम भरण्याआधी आयजीएसटीसह, जालन्याच्या पत्त्याचं, रस्ता कर वगळलेलं कोटेशन लेखी मागा. जो विक्रेता ते द्यायला टाळाटाळ करेल, त्याच्याकडून गाडी घेऊ नका.