भोपळ्याची बिअर, पन्नासपैकी किती?

भाचा दिवाळीला न्यू जर्सीहून मोहन्याला आला तो बॅगेत भोपळ्याच्या बिअरचे कॅन घेऊनच. तिकडे तो बिअरच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो. "मामा, आवडली की नाही ते नंतर सांगा. आधी गुण द्या," असं म्हणून त्याने एक छापील तक्ता माझ्या हातात दिला. वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडात कशी लागते त्याला 5 आणि एकंदर परिणामाला 10. बीजेसीपी ही अमेरिकेतली संस्था 1985 पासून बिअरचे परीक्षक तयार करते, तिचा हा तक्ता. वासाला रूपाच्या चौपट गुण कशासाठी, इथेच मी अडलो.

कॅन फ्रिजमधून काढून त्याने बराच वेळ ओट्यावर ठेवले. बर्फगार बिअरचा वास दबून जातो म्हणे. मी आजवर बिअर प्यायलो ती थंडगारच. ग्लास अर्धाच भरला, वरच्या मोकळ्या जागेत वास साठावा म्हणून. रंग घासलेल्या तांब्यासारखा. पण बघत बसायला वेळ नव्हता, पहिला वास लवकर उडतो.

आधी जायफळ आलं, मग दालचिनी, मागून लवंग. भोपळा कुठेच नाही! भाचा दोष हुंगायला सांगत होता: लोण्याचा वास, उकडलेल्या मक्याचा, हिरव्या सफरचंदाचा, गंधकाचा. शेवटचा मला शिकवावा लागला नाही. रेयॉनच्या कामात गंधकाची संयुगं लागतातच, आणि माझं लहानपण इथल्या एनआरसी या रेयॉनच्या कारखान्याच्या भोंग्यावर गेलं. 2009 साली कंपनी बंद झाली, पण नाक विसरलेलं नाही. या ग्लासात गंधक नव्हता.

भोपळा मात्र सापडेना. भाच्याने त्यामागची गोष्ट सांगितली. अमेरिकेत वसाहत करणाऱ्या इंग्रजांना माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू, पुरेसं मिळत नसे. तेव्हा ते भोपळ्याच्या साखरेवर भागवत. 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हेवर्डला बिल ओवेन्स यांनी ही बिअर पुन्हा केली, पण भोपळ्याची चव उतरेना, म्हणून त्यांनी भोपळ्याच्या 'पाय' या गोड पदार्थात पडतो तो मसाला घातला. तेव्हापासून लोक मसाल्यालाच भोपळा समजतात.

मला हे पटेना. घारग्यांत जायफळ घालूनही भोपळा लपत नाही. बायकोने घारग्यांसाठी बाजारातून लाल भोपळा आणलाच होता. त्यातली एक फोड उकडून घेतली, मीठ-गूळ काही नाही. तिचा तुकडा चावून खाल्ला, पाण्याने तोंड धुतलं आणि मग घोट घेतला. मसाला ओसरल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला तोच मऊ, मातकट गोडवा होता, अगदी पुसट. भाच्यानेही फोड खाऊन पाहिली आणि मान डोलावली.

मी वासाला 9 दिले, रूपाला 3, चवीला 12, तोंडातल्या स्पर्शाला 4, एकंदर 6. बेरीज 34. त्याचे 31 झाले. 30 ते 37 म्हणजे त्यांच्या भाषेत 'खूप चांगली'. त्याने लवंगेचे गुण कापले होते. मीही कापले होते, पण कमी. त्यावर आमचं बरंच वाजलं आणि माझं म्हणणं मी सोडलं नाही.

तक्त्यात बिअर करणाऱ्याला सूचना लिहायला जागा असते. मी मराठीत लिहिलं: "लवंग निम्मी करा. भोपळा आधी चांगला भाजून घ्या, कडा काळपट होईपर्यंत." भाच्याने खाली त्याचं इंग्रजी करून सही केली.